आभाळ निरभ्र, तरी समुद्र का उसळतो?

डिसेंबर-जानेवारीत कोकणातल्या बातम्यांमध्ये अधूनमधून एक मजकूर येतो. समुद्र खवळला, मासेमारी थंडावली, होड्या बंदरात परतल्या. सोबतच्या फोटोत ऊन लख्ख असतं, ढगाचा ठिपकाही नसतो. वाचणारा बुचकळ्यात पडतो. पाऊस नाही, वादळाची बातमी नाही, मग समुद्राला झालं काय?

गोंधळ होणं साहजिक आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की समुद्र शांत होतो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत शांतच राहतो, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. बहुतेक दिवस ते खरंही ठरतं. भर पावसाळ्यात रत्नागिरीसमोरच्या खोल पाण्यात लाटा तीन-चार मीटरपर्यंत चढतात, तर हिवाळ्यात त्या बहुतेक दिवस एक मीटरच्या आत-बाहेर असतात. पण मधूनच दोन-तीन दिवस असे येतात की लाट दुपटीने वाढते, आणि आभाळाकडे पाहून त्याचा काही सुगावा लागत नाही. आभाळ आपल्या डोक्यावरचं हवामान सांगतं. लाट मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच मुलखातलं हवामान घेऊन आलेली असते. हिवाळ्यातला कोकणचा समुद्र समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी.

लाट जन्मते एकीकडे, फुटते दुसरीकडे

लाट वाऱ्यामुळे उठते. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर ती किती मोठी होणार ते ठरतं. एकदा तयार झाली की वारा पडला तरी ती थांबत नाही. जन्मस्थान सोडून ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर जाते. पाणी जागच्या जागी वर-खाली होत राहतं, पुढे सरकते ती ऊर्जा. अशा प्रवासी लाटेला शास्त्रज्ञ स्वेल म्हणतात. या लेखात तिला ‘दूरची लाट’ म्हणू आणि इथल्याच वाऱ्याने उठणारीला ‘जवळची लाट’.

या दोघी ओळखायच्या कशा? एक माथा गेल्यापासून दुसरा माथा येईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचं. जवळची लाट तीन ते पाच सेकंदांची, तुटक आणि टोकदार असते. दूरची लाट सात-आठ सेकंदांची, आणि फारच लांबून आलेली असेल तर चौदा-पंधरा सेकंदांचीही. सेकंद जितके जास्त तितकी लाट लांबलचक, आणि तितकी तिची चालही वेगवान. खोल समुद्रात सात सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी साधारण २० किलोमीटरने पुढे सरकतो, पंधरा सेकंदांचा त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने.

हा सेकंदांचा आकडा उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. बातमीत मात्र फक्त उंची छापतात, आणि मला ती मोठी उणीव वाटते. एक मीटरच्या दोन लाटा असतील, एक सात सेकंदांची आणि दुसरी चौदांची, तर दुसरी किनाऱ्यावर जवळपास दुप्पट ताकद घेऊन येते.

हिवाळ्यातली दूरची लाट येते कुठून?

थंडीच्या दिवसांत भूमध्य समुद्राकडून हवेच्या कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तानमार्गे काश्मीरकडे सरकत असतात. बातम्यांत त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीरमध्ये बर्फ पडला, दिल्ली गारठली, की त्यामागे बहुधा हेच असतात. असा पट्टा पुढे गेला की त्याच्या पाठीमागून थंड, जड हवा वायव्येकडून इराणच्या आखातावर आणि अरबस्तानावर लोटते. या वाऱ्याला शमाल म्हणतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा हिवाळी हंगाम.

आखाताच्या आत उठलेल्या लाटा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून फारशा बाहेर पडत नाहीत. पण तोच वारा ओमानच्या आखातावरून आणि अरबी समुद्राच्या वायव्य कोपऱ्यावरून वाहतो, आणि तिथे त्याला मोकळं पाणी मिळतं. तिथे तयार झालेल्या सहा ते आठ सेकंदांच्या लाटा आग्नेयेकडे निघतात. ओमानच्या टोकापासून रत्नागिरीपर्यंतचं अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. ताशी २० किलोमीटरने हिशोब केला तर तीन दिवस होतात, आणि वाटेत अलीकडे जन्मलेल्या लाटा त्याआधीच पोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शमालच्या लाटा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात हे मोजमापांसह मांडलं.

तिकडे वारा सुटला तेव्हा इथे काहीच जाणवलेलं नसतं. लाटा इथे येईपर्यंत तिकडचा वारा कदाचित पडलेलाही असतो. म्हणून आभाळ निरभ्र आणि समुद्र उसळलेला, हे दृश्य एकाच वेळी दिसतं.

अशा दिवसांत कधी हवेतही खूण सापडते. २३ जानेवारी २०२२ च्या सुमारास पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचं आकाश पांढुरकं झालं होतं आणि गाड्यांवर पिठासारखा थर बसला होता, ते अनेकांना आठवत असेल. ती धूळही अशाच एका विक्षोभामागून सुटलेल्या जोरदार वाऱ्यावर आली होती.

पहाटेचा समुद्र आणि दुपारचा समुद्र

आता इथल्या वाऱ्याकडे येऊ. हिवाळ्यात उत्तर भारतातली जमीन थंड होते, तिच्यावर हवेचा दाब वाढतो आणि वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे समुद्राकडे, निघतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो वळतो आणि कोकण किनाऱ्याला जवळपास समांतर, उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो. विक्षोभ गेल्यावर दोन-तीन दिवस तो गुजरातपासून खाली कोकणापर्यंत जोर धरतो.

या मोसमी वाऱ्यावर रोजचं चक्र चढतं. रात्री जमीन लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे शाळेत शिकलेले मतलई वारे. दुपारी जमीन तापली की खारे वारे समुद्राकडून आत येतात. हिवाळ्यात रात्री थंड आणि दुपारी तापलेल्या, म्हणून हा फरक मोठा असतो. दुपारी खारा वारा आणि उत्तरेचा वारा एकमेकांत मिसळतात. मग वायव्येचा सणसणीत वारा सुटतो आणि तास-दोन तासांत पाण्यावर फेसाळ माथे दिसू लागतात.

पहाटेचा मतलई वारा छोट्या होडीला फसवतो. तो जमिनीवरून निघाल्यामुळे किनाऱ्यालगत त्याला लाट उठवायला मोकळं पाणीच मिळत नाही, आणि बंदरातून पाहिलं तर समुद्र काचेसारखा दिसतो. वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर गेल्यावर खरी लाट भेटते. परतताना दुपार झालेली असते, वारा फिरलेला असतो, आणि उत्तरेकडच्या बंदरात घरी यायचं असेल तर तो थेट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, येतो.

कोकणचा किनारा सरळ नाही

केरळच्या किंवा ओडिशाच्या लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावर एखादी लाट आली तर ती बरीचशी सगळीकडे सारखी आदळते. कोकणात तसं होत नाही. इथे जांभ्याचे आणि काळ्या कातळाचे सडे समुद्रात घुसलेले आहेत. जयगड, रत्नदुर्ग, विजयदुर्ग, देवगड हे किल्ले अशाच नाकांवर उभे आहेत. दोन नाकांमध्ये वाळूचा अर्धगोल, आणि थोड्या अंतराने एखाद्या खाडीचं तोंड.

लाट उथळ पाण्यात शिरली की तळाच्या स्पर्शाने तिची चाल मंदावते. लेझीम पथकाची एक लांब रांग किनाऱ्याने चालली आहे असं समजा. रांगेचं एक टोक ओल्या, मऊ वाळूत शिरलं की तिथल्यांची पावलं जड होतात, दुसरं टोक घट्ट वाळूवरून पूर्वीच्याच वेगाने चालतं, आणि सगळी रांग आपोआप वळते. लाटेची रांगही अशीच वळते. नाकासमोरचं पाणी आधी उथळ होतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या लाटा नाकाकडे वळतात आणि त्यांची ताकद तिथे एकवटते. अर्धगोलाच्या आत तीच ताकद पसरून पातळ होते. त्यात कड्यावर आपटून मागे फिरलेली लाट येणाऱ्या लाटेला भेटली की नाकासमोर पाणी कुठल्याही दिशेने उसळतं. नाकाला वळसा घालताना जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, अंतर राखून जातात ते यासाठी.

दिशेचाही प्रश्न आहे. पावसाळ्यात लाटा नैऋत्येकडून येतात, हिवाळ्यात बहुतेक वायव्येकडून. ज्या बंदराला दक्षिणेकडून डोंगराचा आडोसा आहे ते पावसाळ्यात सुरक्षित, पण त्याचं तोंड वायव्येला उघडं असेल तर जानेवारीत तिथेच होड्या एकमेकींवर आदळतात. शेजारच्या, उत्तरेकडून झाकलेल्या कोंडीत त्याच वेळी पाणी संथ असतं. दोन गावांतलं अंतर चालत अर्ध्या तासाचं, पण एक म्हणतो समुद्र खवळलाय आणि दुसरा म्हणतो काही नाही. दोघंही खरं सांगत असतात.

आडोसा सगळ्या लाटांना सारखा पुरत नाही. लाटेला तळ लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. सात सेकंदांच्या लाटेला साधारण २१ वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) पाण्यात, तर पंधरा सेकंदांच्या लाटेला ९५ वावांच्या पुढेच. म्हणजे लांब लाट खूप आधीपासून वळत येते आणि नाकाच्या मागे लपलेल्या कोपऱ्यातही शिरते. दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या अशा लाटा आपल्याकडे मुख्यतः एप्रिल-मेमध्ये जाणवतात, पण कधी थंडीतही येतात, आणि मग नेहमी शांत असलेल्या बंदरातल्या होड्या दोर ताणू लागतात.

खाडीच्या तोंडाशी सगळं एकत्र येतं

कोकणातली बरीच बंदरं खाडीत आहेत. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटन, देवबागला कर्ली. पावसाळ्यात नद्यांचं पाणी तोंडाशी साचलेली वाळू बाहेर ढकलतं. पाऊस संपला की नदीचा जोर जातो, लाटा वाळू पुन्हा किनाऱ्याकडे आणतात आणि तोंडावर वाळूचा दांडा वाढत जातो. हिवाळ्यातल्या अपघातांचा विचार करताना मला वारा आणि लाट यांच्याइतकाच हा दांडा महत्त्वाचा वाटतो. त्याबद्दल बोललं मात्र फार कमी जातं.

लाट फुटते कधी? पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की. दीड मीटरची लाट जवळपास दोन मीटर पाण्यात कोसळते. दांड्यावर भरतीला चार मीटर पाणी असेल तर ही लाट होडीखालून निघून जाईल, होडी वर जाईल आणि खाली येईल, बस. तीच लाट ओहोटीला, दीड-दोन मीटर पाणी उरलेलं असताना, दांड्यावर आडवी कोसळते. लाट तीच, होडी तीच, तांडेलही तोच. फरक फक्त वेळेचा.

ओहोटीत आणखी एक गोष्ट घडते. खाडीतलं पाणी वेगाने बाहेर पडत असतं आणि लाट समोरून आत येत असते. उलट्या प्रवाहात लाट आखूड होते, उंच होते, तिचा उतार भिंतीसारखा होतो. बाहेर एक मीटरची असलेली लाट तोंडाशी त्याहून बरीच उंच उभी राहते. खुल्या समुद्रातही याची सौम्य आवृत्ती दिसते. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो, वारा मात्र उत्तरेकडून. दोघं समोरासमोर आले की लाट टोचरी होते.

आता वेळ जुळवून पाहा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुंबईला भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-साडेबाराच्या आसपास पूर्ण होते, दक्षिण कोकणात थोडी आधी. तिथून संध्याकाळी सहापर्यंत पाणी उतरत असतं. दुपारचा वायव्येचा वारा याच वेळेत. होड्या परतण्याची वेळही हीच. त्यात ओमानकडची लाट आलेली असेल तर ओहोटी, वारा आणि लाट या तिन्ही गोष्टी खाडीच्या तोंडावर एकाच वेळी भेटतात.

उत्तरेला हा खेळ आणखी मोठा असतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, मालवण-वेंगुर्ल्याला दोन-अडीच मीटरच. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ खूप रुंद आहे आणि वरती खंभातच्या आखाताचं नरसाळं, म्हणून उत्तरेकडे भरती फुगत जाते. आणखी एक गोष्ट घर किनाऱ्याला असलेल्यांनी लक्षात ठेवावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिवसाची भरती मोठी असते, थंडीत रात्रीची. वर ओढून ठेवलेली होडी हिवाळ्यात मध्यरात्री पाण्यात तरंगू लागते ती यामुळे.

“पण बावटा तर लागलेला नव्हता”

बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका, हे कोकणात लहान मुलालाही माहीत असतं. हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे बहुतेक वेळा वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाण्याची शक्यता असते तेव्हा येतात. हिवाळ्यातला उत्तरेचा वारा पुष्कळदा ३० ते ४० मध्ये राहतो. इशारा नसतो, आणि तो नसणं नियमाला धरूनच असतं. पण ताशी ३५ किलोमीटरचा वारा मोठ्या ट्रॉलरला क्षुल्लक आणि बाहेरून इंजिन लावलेल्या छोट्या फायबर होडीला जड. बावटा नाही याचा अर्थ वादळ नाही एवढाच. छोट्या होडीने जायला हरकत नाही असं बावटा कधीच सांगत नाही.

ही फट भरायला हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉइसने, २०२१ पासून छोट्या नौकांसाठी वेगळी सूचना सुरू केली. ती नुसती उंची बघत नाही. लाट किती उभट आहे, वेगवेगळ्या दिशांनी येते आहे का, वारा किती झपाट्याने वाढतो आहे, यावरून होडी उलटण्याचा धोका सांगते.

“आमचे आजे-पणजे काय मोबाइल बघून जात होते?”

नव्हते, आणि त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. वारा कधी फिरतो, दांडा कुठे सरकलाय, कुठल्या नाकाला किती अंतर ठेवायचं, हे त्यांना जितकं कळत होतं तितकं हैदराबादच्या संगणकाला आजही कळत नाही. संगणकाचा अंदाज खुल्या समुद्राचा असतो. तुमच्या खाडीच्या तोंडावर लाट किती उभी राहील ते त्यात नसतं. उलट दीड हजार किलोमीटरवर काल काय घडलं ते नाळेवर बसलेल्याला दिसणं शक्य नाही. दूरची लाट संगणक सांगतो, आणि ती इथे आल्यावर काय करेल ते तांडेल सांगतो. दोन्ही हवेत.

“वादळं काय, मे-जूनमध्ये येतात”

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन आहेत, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबई यांच्यामध्ये किनाऱ्याला लागलं आणि दक्षिण कोकणातल्या मच्छीमारांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीने कोकणचा समुद्र ढवळून काढला. केरळ-तमिळनाडूच्या कित्येक होड्या तेव्हा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्राचं पाणी अजून कोमटच असतं, म्हणून हे शक्य होतं. जानेवारीनंतर शक्यता अगदी कमी.

अंदाजातले आकडे कसे वाचायचे

समजा अंदाजात लिहिलंय: १.५ मीटर, ७ सेकंद, वायव्य. यातली उंची म्हणजे सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्यामुळे दिवसभरात एखादी लाट याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते, आणि तो अपवाद मानायचा नाही. सात सेकंद आणि वायव्य म्हणजे उत्तरेकडे उघड्या बंदरांत त्रास, डोंगराआड बरं. त्याऐवजी ०.८ मीटर, १६ सेकंद, नैऋत्य असं असेल तर उंची निम्मी दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेर ही लाट जाणवणारही नाही, पण दांड्यावर आणि खडकांवर ती अचानक उभी राहील, कधी दहा-पंधरा मिनिटांच्या शांततेनंतर.

पाहुण्यांसाठी

नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळे, तारकर्ली, काशीद, गुहागर गजबजलेली असतात. पाऊस नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असं समजून लोक उतरतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जावं लागतं. वाळूच्या दांड्यातल्या फटीतून किंवा कातळाच्या कडेने ते जोराने बाहेर खेचलं जातं. अशा ठिकाणी लाटा कमी फुटतात, म्हणून तोच पट्टा सगळ्यात शांत आणि बोलावणारा दिसतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमू नका. अंग तरंगतं ठेवा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत उतरूच नका, तिथे हा उपायही पुरत नाही.

आपल्या किनाऱ्यांवर ‘पोहणे धोकादायक’ अशा गंजलेल्या पाट्या आहेत आणि त्या बारा महिने एकच गोष्ट सांगतात. त्याऐवजी प्रत्येक पर्यटन गावात एक फळा हवा, ज्यावर रोज सकाळी खडूने आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा, लाटेची उंची, सेकंद आणि दिशा लिहिलेली असेल, आणि गावातल्या एखाद्या जाणत्या नाखव्याने ठरवलेली एक ओळ: आज कुठे उतरायचं नाही.